सहाचा आकडा आणि स्टेशनचा पूल

पत्र थोडक्यात असं: डोंबिवलीच्या एका वाचक भगिनींचं वय ४६, नोकरी मुंबईत, रोजचा लोकलचा प्रवास. दोन वर्षं त्या संध्याकाळी घरी येताना स्टेशनजवळच्या जिममध्ये जायच्या. ट्रेडमिलवर ६ चा वेग, ४० मिनिटं, "समोरच्या टीव्हीवर मालिका बघता बघता वेळ कधी संपायचा कळायचंही नाही." एप्रिलमध्ये ऑफिसची वेळ बदलली आणि जिम सुटली. दसऱ्याच्या ऑफरमध्ये त्यांनी हप्त्यावर घरीच ट्रेडमिल घेतली. ती हॉलला लागून असलेल्या बंद बाल्कनीत बसवली, हॉलमधला टीव्ही दिसावा म्हणून तोंड आत करून. आता पहाटे साडेपाचला, डबे करायच्या आधी, तोच ६ चा वेग लावला की १५ मिनिटांत दम लागतो, पिंढऱ्या भरून येतात. "स्टेशनचा पूल मी आजही पूर्वीसारखाच चढते, मग यावरच काय होतं?" खालच्या मजल्यावरच्या काकूंनी धपधप आवाजाची तक्रार केली आहे. रेल्वेतून निवृत्त झालेले सासरे म्हणतात, विकून टाका. नवरा म्हणतो, "मशीन चांगलंय. वय झालंय तुझं, मान्य कर." भगिनींचा प्रश्न: माझा स्टॅमिना खरंच इतका गेला, की मी घरी आळशी झालेय? आणि हे विकू का?

ताई,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही ओझरतं लिहून गेलात. स्टेशनचा पूल तुम्ही पूर्वीसारखाच चढता. खांद्याला पर्स, हातात डब्याची पिशवी, मागून गर्दीचा रेटा, आणि तरी वर पोचल्यावर कठड्याला टेकावं लागत नाही. ज्या बाईचा दम खरोखर संपलाय तिचं असं होत नाही. तेव्हा वयाचा मुद्दा तूर्त बाजूला ठेवू. (यजमानांचंही वय तुमच्याइतक्याच वेगाने वाढतंय, पण तो वेगळा विषय.)

हेच उलट असतं, पूल चढतानाही नव्याने धाप लागत असती, तर मी ट्रेडमिलबद्दल एक अक्षर न लिहिता तुम्हाला डॉक्टरकडे पाठवलं असतं. हे पत्र वाचणाऱ्या इतर जणींसाठी मुद्दाम लिहितेय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २१ च्या फेरीत, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. चाळिशीनंतर पाळीत रक्तस्राव वाढला की हिमोग्लोबिन गुपचूप खाली जातं आणि आपण 'हल्ली थकवा येतो बाई' म्हणून सोडून देतो. जिने, पूल, भाजीची पिशवी हे सगळंच जड झालं असेल तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. चालताना छातीवर दडपण येत असेल, जबडा किंवा डावा हात दुखत असेल, चक्कर येत असेल, तर मशीन बंद करून त्याच दिवशी डॉक्टरला गाठा.

आता तुमच्याकडे वळते. तुम्ही एक गोष्ट गृहीत धरली आहे आणि घरात कुणालाच तिची शंका आलेली नाही: जिममधला ६ आणि घरातला ६ हे एकच. दोन वेगवेगळ्या तराजूंवर मापलेला किलो आपण डोळे झाकून सारखा मानत नाही, भाजीवाल्याशी वाद घालतो. मशीनच्या लाल आकड्यापुढे मात्र आपण मान खाली घालतो.

सगळ्यात आधी चढ बघा. माझा पहिला संशय त्याच्यावर आहे. बाल्कनीची फरशी कधीच सपाट नसते. पावसाचं पाणी बाहेरच्या मोरीकडे जावं म्हणून गवंडी तिला बाहेरच्या बाजूला उतार देतो, साधारण मीटरमागे एक सेंटिमीटर, म्हणजे १ टक्का. तुमच्या मशीनचं तोंड हॉलकडे आहे. म्हणजे पुढची बाजू उंच आणि मागची खाली, आणि तुम्ही रोज पहाटे एका छोट्या टेकाडावर चालताय. शिवाय घरगुती मशीनना बऱ्याचदा खाली हाताने बदलायचे चढाचे दोन-तीन टप्पे असतात. जोडणीला आलेला माणूस घाईत कुठल्या टप्प्यावर ठेवून गेला हे आपण कधी वाकून बघत नाही, आणि हाताने दिलेला चढ डिस्प्लेवर दिसत नाही.

'एवढ्याशा चढाने काय होणार' असं वाटेल. ज्यांची टीएमटी, म्हणजे ट्रेडमिलवर चालवून करतात ती हृदयाची तपासणी, झालीय त्यांना विचारा. त्या तपासणीची प्रचलित पद्धत अमेरिकन हृदयरोगतज्ज्ञ रॉबर्ट ब्रूस यांनी १९६३ मध्ये मांडली. तिच्या पहिल्या तीन मिनिटांत वेग असतो ताशी जेमतेम २.७ किलोमीटर, म्हणजे लग्नाच्या वरातीचा. पण चढ १० टक्के. पुढच्या तीन मिनिटांत वेग ४ आणि चढ १२ टक्के, आणि भल्याभल्यांना घाम फुटतो. हृदयाला कामाला लावायचं तर वेग वाढवायची गरज नाही, पट्टा तिरका केला तरी पुरतं.

आकड्यात हवं असेल तर तेही सांगते. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनचं चालण्याचं एक सूत्र आहे. त्यानुसार सपाट पट्ट्यावर ६ च्या वेगाने चालताना वजनाच्या दर किलोमागे मिनिटाला १३.५ मिलिलिटर ऑक्सिजन लागतो. चढ १ टक्का वाढला की त्यात १.८ ची भर पडते. म्हणजे मशीनचा ३ टक्के चढ आणि बाल्कनीचा १ टक्का धरला तर भर ७.२ ची. डिस्प्लेवर ६ च दिसतोय आणि शरीर जवळजवळ दीडपट काम करतंय. पिंढऱ्या भरून येणारच, त्या चढाची पावती आहेत.

हे तपासायला मिस्त्री नको. मशीनचा प्लग काढा, मोबाइलमधलं लेव्हलचं अॅप उघडा आणि फोन पट्ट्यावर लांबीच्या दिशेने ठेवा. १ अंश दिसला तर तो सुमारे पावणेदोन टक्के चढ. बहुतेक मशीनचे पाय फिरवून किंवा खाली टणक रबरी पॅड देऊन हे सपाट करता येतं.

त्यानंतर वेग. पट्ट्याची पूर्ण लांबी मोजा, वरचीच नव्हे तर खालून फिरून येणारीसुद्धा. प्लग काढलेलाच असू द्या, पट्ट्याच्या कडेला खडूची खूण करा आणि पट्टा हाताने सरकवत टेपने मोजत जा. समजा ती अडीच मीटर भरली. मग २० फेऱ्या म्हणजे ५० मीटर, आणि ताशी ६ किलोमीटरला त्या बरोबर ३० सेकंदांत व्हायला हव्यात. २७ सेकंदांत झाल्या तर तुम्ही ६ वर नाही, पावणेसातच्या जवळ चालताय. पट्टा रिकामा असताना एकदा मोजा आणि कुणी चालत असताना एकदा. दोन्हींत फरक पडला तर मोटर दमतेय. काही मशीन मैलांतही आकडा दाखवतात. तुमचं तसं नसणार, कारण ६ मैल म्हणजे पावणेदहा किलोमीटर आणि तुम्ही चालत नाही, पळत असता. पण ४ वर धापा टाकणाऱ्या कुणी हे वाचत असतील तर त्यांनी सेटिंग बघावं.

दमणाऱ्या मोटरची गोष्ट जरा समजून घ्या. खोक्यावर मोठ्या अक्षरांत जी अश्वशक्ती छापतात ती बऱ्याचदा क्षणभराची कमाल ताकद असते. सतत मिळणारी त्याहून बरीच कमी. जिमचं मशीन दिवसभर माणसं झेलण्यासाठी बांधलेलं असतं, मोटर मोठी, रोलर जाड. घरच्या हलक्या मशीनवर पाऊल पडलं की पट्टा क्षणभर अडतो, मग मोटर त्याला पुढे ओढते. प्रत्येक पावलाला एक बारीक हिसका. डोळ्यांना तो दिसत नाही, पण गुडघे आणि पोटऱ्या दर वेळी स्वतःला सावरतात. ४० मिनिटांत अशी पाचेक हजार पावलं पडतात.

पट्टा कोरडा असेल तर हे जास्त जाणवतं. प्लग काढून पट्ट्याखाली मधोमध हात घाला. बोटांना किंचित तेलकट लागलं पाहिजे. कोरडं लागलं तर सिलिकॉन ऑइल घाला, मशीनच्या पुस्तिकेत लिहिलंय तितकंच. खोबरेल नाही, शिवणयंत्राचंही नाही; आमच्या ओळखीत दोन्ही प्रयोग झालेत आणि दोन्हींत पट्टा गेला. आणि मशीन एक्स्टेन्शन बोर्डवर चालत असेल तर ते आजच थांबवा. तिला भिंतीतला १५ अँपिअरचा, नीट अर्थिंग असलेला पॉइंट हवा.

आता थोडं टोचेल असं विचारते. जिममध्ये मालिका बघताना हात कुठे होते? बहुतेक जणी समोरची दांडी धरतात, मीही धरायचे. दांडीवर थोडा जरी भार टाकला तरी पायांवरचा कमी होतो आणि ६ चा ६ राहत नाही. छोट्या घरगुती मशीनवर दांड्या आखूड असतात, धरायला गेलं तर खांदे वर चढतात, म्हणून आपण सोडून देतो. तेव्हा जिममधले ते ४० मिनिटं तुम्हाला वाटतात तेवढे भारी नसतीलही. घरातला १५ मिनिटांचा हिशेब उलट जास्त प्रामाणिक असू शकतो.

पट्ट्याचं मापही बघा. जिममधला पट्टा साधारण ५० ते ५५ सेंटिमीटर रुंद आणि दीड मीटर लांब असतो. घरगुती मशीनचा ४०-४५ रुंद आणि सव्वा मीटरच्या आतबाहेर. त्यात तुमच्या मागे बाल्कनीची काच. मागे काच आहे हे डोक्यातून जात नाही, म्हणून माणूस पुढच्या पॅनलला चिकटून चालतो, पावलं आखूड टाकतो, कडेला पाय पडेल म्हणून खाली बघत राहतो. त्यात खालच्या काकू. त्यांना आवाज जाऊ नये म्हणून तुम्ही पाऊल अलगद ठेवत असणार, म्हणजे दर पावलाला स्वतःला धरून ठेवायचं. लग्नाच्या हॉलमध्ये नव्या चपला घालून घसरत्या फरशीवर चालताना जसं अंग आखडतं, तसं रोज १५ मिनिटं. दमायला एवढंही पुरे.

म्हणून माझं स्पष्ट मत: बाल्कनीतून मशीन बाहेर काढा. हॉलमध्ये, पंख्याखाली, मागे दीड-दोन मीटर मोकळं ठेवून. खाली जाड रबरी मॅट. घडी घालता येत असेल तर चालून झाल्यावर उभी करून ठेवा. सुरक्षेची क्लिप कपड्याला लावा, ती शोभेची नाही. काकूंकडे एकदा स्वतः जाऊन वेळ ठरवून या. साडेपाचला त्यांच्या डोक्यावर धपधप होत असेल तर तक्रार रास्तच आहे.

पंख्याचं एवढं का, तर चालताना आपण खर्च करतो त्या शक्तीचा साधारण तीन चतुर्थांश भाग उष्णता होऊन बाहेर पडतो. रस्त्यावर ६ च्या वेगाने चाललात तर तेवढ्याच वेगाचा वारा आपोआप अंगावर येतो. ट्रेडमिलवर तुम्ही जागच्या जागी, वारा शून्य. जिममध्ये एसी आणि पंखे ती उणीव भरून काढतात. बंद बाल्कनीत घाम येतो पण वाळत नाही, शरीर थंड राहण्यासाठी रक्त त्वचेकडे पाठवतं आणि त्याच कामाला हृदयाचे ठोके वाढत जातात.

पहाटेच्या वेळेबद्दलही थोडं. जिमला तुम्ही स्टेशनवरून चालत जात होतात, पूल उतरून, बाजारातून वाट काढत. तिथे पोचेपर्यंत तुमचा वॉर्म-अप झालेला असायचा, फक्त त्याला कुणी वॉर्म-अप म्हणत नव्हतं. शिवाय दिवसभराचं खाल्लेलं पोटात. आता अंथरुणातून उठून, रिकाम्या पोटी, थेट ६. शरीराला नव्या वेगाशी ऑक्सिजनचा मेळ घालायला काही मिनिटं लागतात, तेवढ्यात उधारी चढते आणि ती पुढे फेडत बसावी लागते. पहिली तीन मिनिटं ३ वर, पुढची तीन साडेचारवर, मग साडेपाच. आणि बूट घाला. घरात अनवाणी चालायची सवय आपल्याला जडते, पण पातळ फळीच्या मशीनवर तळवे आणि पिंढऱ्या त्याची किंमत मोजतात.

एवढं सगळं मशीनवर ढकलल्यावर तुमच्या तारखाही मोजायला हव्यात. जिम सुटली एप्रिलमध्ये, मशीन आलं दसऱ्याला. मध्ये साडेपाच-सहा महिने. नियमित व्यायाम थांबला की दोन-चार आठवड्यांतच दम उतरायला लागतो, ही शरीराची रीत आहे. पुलामुळे तुमचा पाया टिकला, पण पूल दोन मिनिटांचा आणि हे ४० मिनिटांचं. यजमानांना इथे अर्धा गुण द्या. मात्र हे वयामुळे नाही, खंडामुळे झालं, आणि खंड भरून निघतो. म्हणून पुढचा महिनाभर डिस्प्लेवर एक जुना रुमाल टाका. चालताना बोलता यावं, गाता येऊ नये, एवढाच वेग. मी सतराचा पाढा म्हणून बघते. न अडखळता झाला तर वेग थोडा वाढवते, 'सतरा सक' पाशीच श्वास तुटला तर कमी करते. (पाढाच येत नसेल तर दुसरं माप शोधा.) हृदयाच्या बाबतीत गुन्नार बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञानेही हेच धरलं: त्याची ६ (काहीच कष्ट नाहीत) ते २० (जीव तोडून) अशी पट्टी माणसाला स्वतःलाच विचारते, किती जड वाटतंय? आणि निरोगी प्रौढाचं उत्तर दहाने गुणलं की ते हृदयाच्या मिनिटाच्या ठोक्यांच्या बरंच जवळ जातं. तुम्ही या पट्टीवर ११ ते १३ च्या आसपास राहा.

आळसाबद्दल तुम्ही विचारलंत, आणि पत्राच्या त्या ओळीवर मी बराच वेळ थांबले. जिममध्ये त्या ४० मिनिटांत तुम्हाला कुणी हाक मारत नव्हतं. मोबाइल लॉकरमध्ये होता. शेजारच्या मशीनवर कुणीतरी चालत होतं, आणि दुसरं कुणी शेजारी असलं की माणूस नेटाने करतो. इथे साडेपाचला पट्ट्यावर चढताना कणिक मळायची राहिलीय हे तुम्हाला माहीत असतं. दुधाचा गॅस बारीक केलाय का हे आठवत असतं. सासरे उठून चहा विचारणार असतात. पायांबरोबर डोकंही धावतंय, आणि ज्याचं लक्ष घड्याळाकडे असतं त्याला पाचवं मिनिट पंधराव्यासारखं वाटतं. घरात मशीन आणल्याने वेळ वाचेल असं आपण सगळेच म्हणतो. जायचा-यायचा वेळ वाचतो खरा, पण तुमचा म्हणून जो वेळ होता तोही त्याबरोबर गेला.

यावर सिलिकॉन ऑइल चालत नाही. घरात सांगावं लागेल. 'मला मदत करा' असं मोघम नको, 'सोमवार, बुधवार, शुक्रवार मी चालत असताना दूध आणि चहा तुमच्याकडे' असं नेमकं. यजमान मशीन चांगलं आहे असं म्हणतातच, तर त्या अर्ध्या तासाचा गॅस त्यांनी सांभाळावा. तीन दिवस पुरेत. पहाट जमतच नसेल तर ऑफिसमधून आल्यावर, बूट न काढता थेट पट्ट्यावर. एकदा सोफ्यावर बसलात की संपलं. आणि टीव्ही लावा, संकोच कशाचा? मालिका हा तुमच्या जिमचा अर्धा भाग होता.

विकायचं का? आत्ता नाही. चढ, वेग, तेल, जागा हे चार दिवसांत होणारं काम आहे. त्यानंतर सहा आठवडे द्या. पट्टा मोजून सपाट, तेल घातलेला, आणि तरी पाऊल पडलं की अडत असेल, तर मोटर तुमच्या वजनाला अपुरी आहे. वॉरंटीत असेल तोवर कंपनीला बोलवा. आणि सगळं ठाकठीक असूनही तुम्हाला पट्ट्यावर चढावंसंच वाटत नसेल, तर सासऱ्यांचं ऐकायला हरकत नाही. संध्याकाळी एक स्टेशन आधी उतरून चालत येणाऱ्या बायका मला माहीत आहेत, त्यांची तब्येत ठणठणीत आहे आणि त्यांच्या बाल्कनीत कुंड्या आहेत.

पण आधी मोजणी. पट्ट्यावर तुम्ही, आणि घड्याळ सासऱ्यांच्या हातात द्या. उभा जन्म रेल्वेत गेलेल्या माणसाला २७ आणि ३० सेकंदांतला फरक आपल्यापेक्षा जास्त कळतो.